रॅक रिकामा, संगणकात शिल्लक सहा: किराणा-सुपरमार्केटमध्ये साठा बिनचूक कसा ठेवायचा

गिऱ्हाईक अर्ध्या किलोची तूरडाळ मागतं. रॅकवरची जागा रिकामी असते आणि बिलिंगचा संगणक मात्र शिल्लक सहा दाखवतो. ही सहा पाकिटं चारपैकी एका ठिकाणी असतात: गोडाऊनमध्ये दुसऱ्या खोक्याखाली, रॅकवरच, पण मूगडाळीच्या मागे, एक किलोच्या पाकिटाच्या नावावर बिल होऊन केव्हाच विकली गेलेली, किंवा मुळात आलीच नव्हती, वितरकाच्या बिलावर होती पण पेटीत नव्हती. चारही वेळा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं, पण चारही दुखण्यांवरचा उपाय वेगळा आहे. खरं नुकसान तर पुढे होतं. संगणक सहा दाखवत असल्यामुळे ती डाळ मागवायच्या यादीत येतच नाही, आणि कुणी आकडा दुरुस्त करेपर्यंत जागा रिकामीच राहते.

हे फक्त छोट्या दुकानांत होतं असं नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. म्हणून आकडा चुकला की लगेच चोराचा शोध सुरू करू नका. बहुतेक फरक लिहिण्यात, मोजण्यात आणि ठेवण्यात झालेले असतात.

पुढची पद्धत साधारण ८०० ते १५०० चौरस फुटांच्या, अडीच-तीन हजार वस्तू असलेल्या, एक-दोन बिलिंग काउंटर आणि मागे छोटं गोडाऊन किंवा वर माळा असलेल्या किराणा-सुपरमार्केटसाठी आहे. आवक सुधारल्याशिवाय मोजणीकडे वळू नका. आवक बिघडलेली असताना रोज माल मोजत बसलात तर तोच फरक पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहाल.

पहिलं काम: मालाची यादी स्वच्छ करा

संगणकात एका वस्तूची एकच नोंद हवी. ‘टाटा मीठ १ किलो’, ‘मीठ टाटा’ आणि ‘टाटा सॉल्ट’ अशा तीन नोंदी असतील तर आवक एकीवर चढते आणि विक्री दुसरीवर होते. मग एकीची शिल्लक फुगते, दुसरीची उणे होते. नाव लिहायची एकच रीत ठरवा: ब्रँड, वस्तू, प्रकार, वजन. नवी वस्तू यादीत घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. हे कडक वाटेल, पण दुबार नोंदी थांबवायचा याहून सोपा मार्ग नाही.

बारकोडबाबत नव्या माणसाचे काही गैरसमज असतात. १३ आकड्यांच्या बारकोडची सुरुवात ८९० ने झाली म्हणजे तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे नोंदणी केलेल्या कंपनीचा आहे, एवढंच कळतं. माल कुठे बनला, त्याची किंमत किती, कोणत्या खेपेतला, यातलं काहीही त्या रेषांत नसतं. म्हणून एकाच बारकोडचा माल दोन वेगळ्या एमआरपींचा असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा कितीतरी वस्तूंच्या जुन्या-नव्या किमती एकाच रॅकवर आल्या. अशा वेळी एमआरपीनुसार वेगळ्या बॅच ठेवा आणि स्कॅन केल्यावर संगणकाने कोणती एमआरपी हे विचारायला हवं. ती सोय बंद असेल तर एकूण नग जुळतात, पण कोणत्या किमतीचे किती उरले ते कधीच कळत नाही.

एकक हा यादीतला सर्वांत महागडा रकाना. वितरक पेटीत विकतो, तुम्ही नगात. प्रत्येक वस्तूपुढे ‘१ पेटी = किती नग’ हे पेटीवर छापलेलं वाचून भरा, अंदाजाने नको. शाम्पूच्या सॅशेची लडी, अंड्यांचा ३० चा ट्रे, बिस्किटांचा जार यांचंही तसंच. कंपनी पेटीतले नग बदलते आणि कुणाला सांगत नाही. म्हणून दर आवकेला पेटीवरचा आकडा पाहायची सवय लावा.

दुसरं काम: प्रत्येक वस्तूला एकच घर

रॅकना अक्षरं द्या, फळ्यांना आकडे. ‘क-३’ म्हणजे क रॅकची तिसरी फळी. गोडाऊनलाही तसंच करा आणि संगणकात वस्तूपुढे दोन्ही जागा लिहा. फळीच्या कडेला नाव आणि किमतीची पट्टी लावा. पट्टी असली की माल संपल्यावरही तिथे काय हवं होतं ते दिसतं.

आता जागा किती द्यायची? फळीवर किमान एक पूर्ण पेटी आणि वर थोडा माल मावेल एवढी. पेटीत २४ नग आणि फळीवर जागा १५ ची, असं झालं की उरलेले ९ नग फोडलेल्या खोक्यात गोडाऊनला परत जातात. गोडाऊनमध्ये हरवणारा माल बहुतेक वेळा हाच असतो. जागा वाढवता येत नसेल तर एका वस्तूचं एकच फोडलेलं खोकं, त्यावर मार्करने मोठ्ठी खूण आणि उरलेल्या नगांचा आकडा, हा नियम ठेवा. पहिलं खोकं संपल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही.

जागा रिकामी दिसते म्हणून शेजारचा माल पसरवून ती भरून काढायची सवय बऱ्याच दुकानांत असते. रॅक भरलेला दिसतो, पण काय संपलंय ते झाकलं जातं आणि मोजणीत दोन वस्तू एकमेकींत मिसळतात. रिकामी जागा रिकामीच राहू द्या, ती तुम्हाला काहीतरी सांगत असते.

तिसरं काम: आवक

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. शिल्लकेचा आकडा या दारातच सर्वांत जास्त बिघडतो, आणि चूक मोठी असते. विक्रीत एक नग चुकतो, आवकेत एक पेटी.

टेम्पो आला की बिल हातात घ्या. आधी बाहेरच पेट्या आणि गोण्या मोजा. मग बिलावरच्या ओळीसमोर प्रत्यक्ष माल पाहून एकेक टिक करा. सीलबंद पेट्यांपैकी काही उघडून आतले नग मोजा. पेटीची टेप दुबार लावलेली असेल, पेटी चेपलेली किंवा हलकी वाटत असेल, तर ती उघडायचीच. साखर, तांदूळ, डाळीची गोणी काट्यावर चढवल्याशिवाय आत घेऊ नका. एमआरपी आणि तारीख बघा. सहा महिने टिकणाऱ्या मालाचे दोनच महिने उरले असतील तर तो तिथेच परत करा. निदान दोन तृतीयांश मुदत शिल्लक असलेलाच माल घ्यायचा, हा व्यवहारी नियम आहे. पाकिटावर शेवटच्या तारखेऐवजी ‘पॅकिंगपासून ६ महिने’ असं छापलेलं असेल तर तारीख लगेच काढा आणि खोक्यावर लिहा.

कमी किंवा फुटका माल निघाला तर बिलाच्या दोन्ही प्रतींवर आकडा लिहून माल आणणाऱ्याची सही घ्या. टेम्पो गेल्यावर फोनवरून ‘दोन कमी होते’ हे सांगून काही उपयोग नाही.

स्कीमचा माल वेगळा बघा. ‘१० वर १ फ्री’ असेल तर फुकटचा नग बिलावर शून्य दराने वेगळ्या ओळीत येतो, किंवा येतच नाही आणि वितरक तो सुटा हातात देतो. तो नग संगणकात चढवला नाही तर रॅकवर अकरा आणि संगणकात दहा. वर्षभरात अशा मालाने शिल्लक उणे होत जाते आणि उणे शिल्लक बघायची सवय लागली की खऱ्या चुकाही डोळ्यांत भरत नाहीत.

नोंद होण्याआधी माल रॅकवर लावायचा नाही. आत येताच जमिनीवर पिवळी पट्टी मारलेल्या जागेत ठेवा. नोंद झाली, बिलावर शिक्का मारला, की मगच हलवा. नोंद त्याच दिवशी झालीच पाहिजे. संध्याकाळी सहा ते नऊ ही गिऱ्हाइकांची वेळ असेल तर वितरकांना आधीच सांगून ठेवा की या वेळेत माल घेतला जाणार नाही. गर्दीत घेतलेला माल न मोजताच घेतला जातो, हे शंभर टक्के ठरलेलं.

ब्रेड, खारी, दूध असा रोजचा माल आणणारा कालचा उरलेला घेऊन जातो आणि बदली देतो. हा व्यवहार सगळ्यांत वेगाने होतो आणि सगळ्यांत कमी लिहिला जातो. आलेले किती आणि परत गेलेले किती, हे दोन आकडे एका ओळीत त्याच्यासमोरच लिहा.

चौथं काम: बिलिंग काउंटर

पाच नूडल्सची पाकिटं आली, तीन मसाला आणि दोन आटा. किंमत सारखी म्हणून एकच स्कॅन करून ‘गुणिले पाच’ केलं की पैसे बरोबर येतात, शिल्लक दोन ठिकाणी चुकते. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे उदाहरण दाखवा. गुणाकार फक्त तंतोतंत सारख्या नगांसाठी, वास, चव किंवा रंग बदलला की पुन्हा स्कॅन.

बारकोड वाचला जात नाही तेव्हा ‘किरकोळ’ नावाच्या नोंदीवर किंमत टाकून बिल करण्याचा मोह होतो. ती नोंद बंद करून टाका. काउंटरवर एक कागद ठेवा, न वाचल्या गेलेल्या वस्तूचं नाव त्यावर लिहा आणि बिल नावाने शोधून करा. रात्री तो कागद बघून बारकोड दुरुस्त होतो. तीच वस्तू आठवडाभर कागदावर येत असेल तर छपाईत दोष आहे, दुकानातला स्टिकर लावा.

उधारीचं खातं हे आपल्याकडच्या दुकानांचं खास दुखणं. माल आज वहीत लिहून द्यायचा आणि बिल महिनाअखेरीला एकदम करायचं, अशाने महिनाभर तो माल संगणकात शिल्लक राहतो. बिल माल देतानाच करा, पैसे येण्याच्या रकान्यात ‘उधार’ लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीचं तसंच: माल रॅकवरून काढून पिशवीत भरला त्याच क्षणी बिल, घरपोच गेल्यावर नाही.

पाचवं काम: बिलाशिवाय बाहेर जाणारा माल

फुटलेली बाटली, उंदराने कुरतडलेला पुडा, मुदत संपलेला माल, स्टाफच्या चहाची साखर, घरी नेलेलं तेल, गणपती मंडळाला दिलेले नारळ. हे सगळं खरंच बाहेर गेलेलं आहे, पण बिल कुणाचंच नाही. गल्ल्याजवळ एक वही ठेवा: तारीख, वस्तू, नग, कारण, सही. कारणं पाचच ठेवा: फुटलं, मुदत संपली, किडी-उंदीर, दुकान किंवा घरचा वापर, भेट. रोज रात्री ती वही संगणकात चढते आणि मालकाच्या घरी गेलेला मालही तिच्यात लिहिला जातो. मालकच लिहीत नसेल तर कुणीच लिहिणार नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. नियमित योजनेतल्या जीएसटी नोंदणीदाराने आवक, जावक आणि शिल्लक यांच्याबरोबर हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या, भेट दिलेल्या मालाचाही हिशेब ठेवायचा असतो, असं जीएसटीचा नियम ५६ सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे अशा मालावरच्या कराची वजावट मिळत नाही, आधी घेतली असेल तर उलटवावी लागते. वही नीट असेल तर कर सल्लागाराला हे काम काही मिनिटांचं.

मुदत संपलेला माल रॅकवरून काढून ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवा. वितरक परत घेणार असेल तर संगणकात त्याला ‘परतीचा माल’ अशा वेगळ्या जागेत हलवा. तो विकाऊ शिल्लकेत राहिला तर पुन्हा तीच सुरुवातीची डाळ: संगणकात सहा, विकायला शून्य. क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाचे पैसे जमा केल्याचा वितरकाचा कागद, हातात येईपर्यंत परतीची नोंद उघडी ठेवा.

सुटा माल: इथे ग्रॅम मोजावे लागतात

५० किलो साखरेच्या गोणीतून एक किलोच्या ५० पिशव्या निघत नाहीत. थोडी सांडते, थोडी गोणीच्या शिवणीत राहते, आणि बांधणारा माणूस कमी भरायला नको म्हणून काटा थोडा वर जाऊ देतो. पिशवीमागे १० ग्रॅम जास्त गेले तर गोणीमागे अर्धा किलो गेला. महिन्याला ४० गोण्या फुटत असतील तर २० किलो साखर कुणीही न चोरता गेली.

दर पॅकिंगला नोंद अशी करा: गोणीतून वजा ५० किलो, तयार झाल्या एक किलोच्या ४९ पिशव्या आणि अर्ध्या किलोची एक, घट ५०० ग्रॅम. घट हा वेगळा रकाना हवा. साखर-डाळीत ती एक टक्क्याच्या आत राहायला हवी. सतत वर जात असेल तर आधी काटा तपासा, मग भरायची पद्धत, मग गोणीचं आलेलं वजन. पिशवीचं वजन काट्यावर शून्य केलंय ना, तेही बघा. ते राहिलं की उलटं होतं, गिऱ्हाइकाला कमी जातं, आणि मापात पाप चालणार नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर १२ महिन्यांनी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. त्याशिवाय रोज सकाळी एक किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

दुकानात बांधलेल्या पिशव्यांना स्वतःचा बारकोड द्या. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत, कंपनीच्या बारकोडशी गल्लत होत नाही. लेबल छापणारा काटा असेल तर त्याच्या बारकोडमध्ये वजन भरलंय की किंमत, हे काट्यावर आणि बिलिंगच्या संगणकात सारखंच ठरवलेलं असायला हवं. नाहीतर ४५ रुपयांचे शेंगदाणे संगणक ४५ ग्रॅम म्हणून वजा करेल.

रवा, बेसन, मैद्याला पावसाळ्यात किडे आणि अळ्या फार लवकर पडतात. जूननंतर या वस्तू पंधरा दिवसांत संपतील एवढ्याच बांधा. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. नवरात्रात उरलेली भगर पुढच्या उपवासासाठी ठेवायची नाही.

ऑर्डर: किती आणि केव्हा

आकडे जरा विश्वासाचे झाले की मगच ऑर्डरचं गणित मांडा. उदाहरण २५० ग्रॅम चहाच्या पुड्याचं घेऊ. संगणक म्हणतो, ३० दिवसांत ८४ पुडे गेले, म्हणजे रोज २.८. पण त्यांतले ९ दिवस चहा दुकानात नव्हताच. खरा खप २१ दिवसांत ८४, म्हणजे रोज ४. माल नसलेले दिवस न वगळता ऑर्डर काढत गेलात तर दर वेळी कमी मागवाल, पुन्हा माल संपेल, सरासरी आणखी खाली येईल. वस्तू हळूहळू दुकानातून नाहीशी होते आणि सगळे म्हणतात, ‘चालत नाही इथे.’

सेल्समन दर मंगळवारी येतो, माल गुरुवारी. आज मागवलेल्या मालावर पुढच्या आठवड्याचा गुरुवार येईपर्यंत निभवायचं, म्हणजे ७ अधिक २, ९ दिवस. ४ × ९ = ३६. वर थोडी राखण हवी. गेल्या आठ आठवड्यांतला सर्वांत जास्त खपाचा आठवडा बघा. तो ३६ चा असेल आणि सरासरी आठवडा २८ चा, तर राखण ८. एकूण गरज ४४. हातात १५ आहेत, वाटेवर काही नाही, तर मागवायचे २९. पेटी २४ ची. एक घेतली तर राखण ३ वर येते, दोन घेतल्या तर १९ पुडे जास्त. चहा वर्षभर टिकतो, दोन घ्या. हेच गणित चीज किंवा ब्रेडचं असतं तर एकच घ्या आणि एखाद्या दिवशी संपलं तर संपू द्या.

सरासरी नेहमीच्या दिवसांना चालते, महाराष्ट्राच्या पंचांगाला नाही. पगारानंतरचे पहिले दहा दिवस महिन्याचा किराणा भरण्याचे, तेव्हा पाच किलोचं पीठ आणि तेलाचे डबे जातात. वीस तारखेनंतर तेच गिऱ्हाईक छोटी पाकिटं घेतं. एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडयांसाठी उडीदडाळ, साबुदाणा, पापडखार. आषाढी आणि श्रावणात शेंगदाणे, वरी, राजगिरा. संक्रांतीला तीळ आणि चिकीचा गूळ. दिवाळीला पातळ पोहे, बेसन, डाळं, वनस्पती तूप, उटणं.

या सगळ्यांचा मागच्या वर्षीशी ताळा घालताना इंग्रजी महिना धरू नका, तिथी धरा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला झालं. ‘गेल्या ऑगस्टमध्ये कापूर किती गेला’ हे विचारून २०२६ च्या ऑगस्टची ऑर्डर काढली तर माल अडीच आठवडे आधी येऊन पडेल. ‘चतुर्थीच्या आधीच्या दहा दिवसांत किती गेला’ असं विचारा. सणाचा फक्त त्या सणालाच चालणारा माल, म्हणजे उटणं, साखरगाठी, हलव्याचे दागिने, थोडा कमीच घ्या. बेसन-रवा थोडा जास्त घेतला तरी पुढे खपतो.

रोजच्या दोन फेऱ्या

सकाळी उघडण्याआधी आणि दुपारी चारच्या सुमारास, संध्याकाळच्या गर्दीच्या आत. कागद घेऊन प्रत्येक रॅकसमोरून चाला आणि रिकामी पट्टी दिसली की लिहा. मग प्रत्येकीचा आकडा संगणकात बघा. शून्य असेल तर ऑर्डरचा प्रश्न. आकडा असेल तर गोडाऊनमधल्या ठरलेल्या जागी जा. मिळाला तर भरण्याचा प्रश्न. नाही मिळाला तर शेजारच्या फळ्या, काउंटर, परतीचं खोकं बघा. तरीही नाही, तर हीच ती कागदावरची खोटी शिल्लक, तिची मोजणी आजच करा. माल लावताना जुना पुढे, नवा मागे. तारीख बघून, आलेल्या क्रमाने नव्हे, कारण उशिरा आलेल्या पेटीची मुदत कधी कधी आधी संपते.

दर शनिवारी एक यादी काढा: शिल्लक शून्याहून जास्त, पण विक्री थांबलेली. रोज एखादा नग जाणारी वस्तू सात दिवस गेली नाही तर ती बहुधा रॅकवर नाहीच. ही यादी अर्ध्या तासात जेवढ्या लपलेल्या रिकाम्या जागा दाखवते तेवढ्या दुसरं काहीही दाखवत नाही. उणे शिल्लकेची यादी मात्र रोज रात्री.

मोजणी: थोडी, पण रोज

३१ मार्चला सगळं दुकान मोजावंच लागतं, हिशेबासाठी. पण त्या दिवशी सापडलेला फरक कोणत्या महिन्यात, कशामुळे पडला हे सांगता येत नाही. म्हणून रोज थोडी मोजणी हवी. ३००० वस्तूंपैकी सर्वांत जास्त विक्रीच्या ३०० महिन्यातून एकदा, मधल्या ७०० तीन महिन्यांतून एकदा, उरलेल्या २००० सहा महिन्यांतून एकदा. कामाचे २५ दिवस धरले तर रोज १२, १० आणि १४ अशा साधारण ३६ वस्तू होतात. दोन माणसांचं पाऊण तासाचं काम.

मोजणीची पद्धत:

१. आदल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी (आवक, बिलं, वही) पूर्ण करून घ्या. अर्धवट नोंदींवर मोजणी करायची नाही.

२. दुकान उघडण्याआधी मोजा. यादीवर नाव आणि जागा असावी, संगणकातला आकडा नसावा. आकडा समोर असला की हात आपोआप तिथेच थांबतो.

३. रॅक, गोडाऊन, माळा, काउंटरजवळचा डिस्प्ले, फोडलेलं खोकं, परतीचं खोकं, सगळीकडचं मोजा आणि जागेनुसार वेगळं लिहा.

४. फरक आला तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. तोच आला तर कारण शोधायचं. आकडा शेवटी बदलायचा.

फरकाचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो. एक वस्तू ६ ने कमी आणि तिची जुळी वस्तू ६ ने जास्त: बिलिंगला गुणाकार झालाय. फरक बरोबर २४ किंवा ४८ चा: आवकेत पेटी चुकली, बिल काढून बघा. शिल्लक २३ ने कमी नोंदलेली: पेटीऐवजी एक नग चढवला. दर महिन्याला दोन-तीन नग जास्त निघतात: स्कीमचा माल लिहिला जात नाही. सुट्या मालात दर वेळी थोडं कमी: काटा किंवा घट. ब्लेड, क्रीम, चॉकलेट, छोटे परफ्यूम अशा लहान आणि महाग वस्तू दर वेळी कमीच: आता चोरीचा विचार करा, आणि आधी त्या वस्तू काउंटरवरून दिसतील अशा जागी आणा. यातलं काहीच बसत नसेल तर शेवटच्या मोजणीपासूनची त्या वस्तूची सगळी हालचाल संगणकातून काढा आणि ओळ ओळ वाचा.

निकाल रुपयांच्या बेरजेत बघू नका. एकीकडे पाच हजारांचा माल जास्त आणि दुसरीकडे पाच हजारांचा कमी, बेरीज शून्य, पण दोन्ही नोंदी खोट्या. मोजलेल्या किती वस्तू तंतोतंत जुळल्या, हे टक्क्यांत लिहा. पाकीटबंद मालात एका नगाचाही फरक म्हणजे न जुळलेली वस्तू. सुट्या मालात एक टक्क्यापर्यंत चालवून घ्या.

सुरुवात कुठून करायची

चालू दुकान हाती आलं असेल तर सगळं एकदम लावू नका. पहिल्या आठवड्यात फक्त आवक: पिवळी पट्टी, मोजणी, त्याच दिवशी नोंद. दुसऱ्या आठवड्यात बिलाशिवाय जाणाऱ्या मालाची वही आणि उधारीचं बिलिंग. तिसऱ्यात सर्वांत जास्त खपाच्या ३०० वस्तूंची पहिली मोजणी आणि त्यांच्या जागा पक्क्या. चौथ्यापासून रोजच्या ३६ वस्तू आणि शनिवारची यादी.

शिल्लकेचा आकडा थेट बदलण्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा, आणि मोजणी करणारा तो नसावा. प्रत्येक बदलापुढे कारण लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देणार नाही, अशी सोय असेल तर चालू करा. नसेल तर बदलांची वेगळी वही करा आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती वाचून बघा. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढच्या महिन्याचं काम तेच.